संस्कृती प्रश्नात असणं आणि संस्कृतीने उत्तर ठरवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

विज्ञानाच्या पद्धतीत संस्कृतीची मूल्यं असतात म्हटलं की एक जण म्हणतो छे, विज्ञान म्हणजे निव्वळ फॅक्ट्स, आणि दुसरा म्हणतो म्हणजे विज्ञानपण शेवटी एक मतच ना. मला दोन्ही पटत नाही, इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते.

पहिलं उदाहरण जपानमधलं. कोशिमा नावाचं छोटं बेट आहे, तिथे किंजी इमानिशी आणि क्योतो विद्यापीठातले त्यांचे सहकारी माकडांचा अभ्यास करायचे. प्रत्येक माकडाला नाव, कोण कुणाची आई, कोण कुणासोबत खेळतं, सगळं वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना हे भाबडं वाटायचं, प्राण्याला नंबर द्यायचा, नाव कसलं देता! (चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉलनाही केंब्रिजमध्ये हेच ऐकावं लागलं.) माणूस आणि प्राणी यांच्यामधली भिंत जपानी मनात तेवढी जाड नव्हती असं बरेच अभ्यासक म्हणतात आणि मलाही ते पटतं. १९५३ मध्ये इमो नावाची दीड वर्षाची मादी वाळूने माखलेलं रताळं ओढ्यात बुडवून धुवायला लागली, मग तिच्या सोबतचे, मग तिची आई. नावं होती म्हणून तर कोण कुणानंतर शिकलं ते कळलं.

म्हणजे काय बघायचं, कसं बघायचं हे संस्कृतीतून आलं. पण रताळं धुतलं का, हे कुणीही बेटावर जाऊन बघू शकत होतं. पुढे काहींनी शंका काढली की ही खरंच नक्कल आहे की प्रत्येकाने आपापलं शोधलं, कारण पसरायला फार वेळ लागला होता, आणि ही शंका त्याच जपानी नोंदींवरून काढली.

संशोधनातला निकाल निव्वळ योगायोग नाही असं मानायला वापरतात ती ०.०५ ची (म्हणजे पाच टक्क्यांची) मर्यादासुद्धा माणसांनीच ठरवलेली आहे, निसर्गात ती कुठे लिहिलेली नाही. चूक किती चालेल हे आपणच ठरवतो, फक्त ते निकाल बघायच्या आधी ठरवायचं असतं.

दुसरं उदाहरण सोव्हिएत रशियातलं. शेतीशास्त्रज्ञ ट्रोफिम लायसेंकोंनी मेंडेलच्या आनुवंशिकतेला भांडवलदारांचं शास्त्र ठरवलं, आणि ऑगस्ट १९४८ मधल्या कृषी अकादमीच्या बैठकीनंतर ते शिकवणंच बंद झालं, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. इथे उत्तर आधीच ठरलेलं होतं, तपासायची सोयच ठेवली नव्हती. जगभर फिरून पिकांचं बियाणं जमवणारे निकोलाय वाविलोव्ह लायसेंकोंच्या विरोधात उभे राहिले होते. त्यांना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला.