फट बुजवण्याआधी आम्ही दात का मोजतो?

"समोरच्या दातांमधली फट तेवढी बुजवून द्या, अर्ध्या तासात होतं ना?" असं दवाखान्यात येणारे विचारतात. होतं. पण आम्ही दंतवैद्य आधी कॅलिपर, म्हणजे दाताची रुंदी-उंची मोजायचं साधन, काढतो.

वरचे मधले दोन पटाशीचे दात हसताना सगळ्यात आधी नजरेत भरतात. असा दात साधारण ८.५ मिमी रुंद आणि १०.५ ते ११ मिमी उंच असतो. रुंदी उंचीच्या ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास असली की दात डोळ्याला बरा वाटतो. त्याहून बरीच जास्त झाली, की तो बसका, चौकोनी दिसतो.

आता २ मिमीची फट घ्या. दोन्ही दातांना एकेक मिलिमीटर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरायचं साहित्य) लावलं तर ८.५ चा दात ९.५ होतो, उंची मात्र तीच १०.५. प्रमाण गेलं ९० टक्क्यांवर. फट गेली, पण समोर दोन पाट्या उभ्या राहिल्या! अशा वेळी तारा किंवा अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे) लावून थोडी जागा शेजारच्या दातांकडे वळवावी लागते. काहींचा दात मुळात पुरेसा उंच असतो, फक्त हिरडीखाली झाकलेला. तिथे हिरडी थोडी कमी करता येते, पण आधी एक्स-रे काढून हाडाची पातळी पाहूनच. (फट असलेला माणूस नशीबवान, असंही म्हणतात. ठेवायची असेल तर खुशाल ठेवा.)

१.६१८ चं 'सुवर्ण गुणोत्तर', म्हणजे मधला दात शेजारच्याच्या १.६१८ पट रुंद दिसावा, असं मागणारेही येतात. १९९३ साली प्रेस्टन या दंत-संशोधकांनी मोजून पाहिलं, तर समोरून दिसणारा मधला दात आणि शेजारचा दात यांच्या रुंदीत ते जेमतेम १७ टक्के लोकांत सापडलं. आम्ही त्याच्या मागे लागत नाही.

काम पक्कं करण्याआधी दातांवर तात्पुरता मॉक-अप, म्हणजे होणाऱ्या दातांचा नमुना, चढवतो आणि तुम्हाला 'वांगी, विहीर, फोन' म्हणायला लावतो. 'व' आणि 'फोन'मधला 'फ' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच टेकायला हवी. ओठात रुतली तर दात लांब झाले, आम्ही कमी करतो.

मिश्रीने किंवा रात्री दात खाण्याने दात झिजले असतील, तर येताना लग्नातला किंवा कॉलेजातला हसरा फोटो आणा. मूळ लांबीचा अंदाज येतो. जवळून काढलेला सेल्फी नको, त्यात समोरचे दात आहेत त्याहून मोठे दिसतात.