ग्रीक व रोमन संस्कृती : साम्य आणि भेद

भूमध्य समुद्राकाठच्या या दोन प्राचीन संस्कृतींचा उल्लेख बहुधा जोडीनेच होतो. ग्रीक देव झेउसचा रोममध्ये ज्युपिटर आणि समुद्रदेव पोसायडनचा नेपच्यून झालेला दिसला की रोम म्हणजे ग्रीसची नक्कल, असा समज सहज होतो. तो अपुरा आहे. दोहोंतला मूळ फरक देवळांत शोधण्यापेक्षा ‘आपला माणूस कोण’ या प्रश्नाच्या उत्तरात शोधावा.

प्राचीन ग्रीस हे एक राज्य नव्हते. अथेन्स, स्पार्टा, कॉरिंथ अशी शेकडो नगरराज्ये होती. भाषा, देव आणि ऑलिंपियाचे खेळ (परंपरेनुसार इ.स.पू. ७७६ पासून) समाईक, नागरिकत्व मात्र ज्याच्या त्याच्या वेशीआत. अथेन्समध्ये पेरिक्लीझ या पुढाऱ्याने इ.स.पू. ४५१ मध्ये कायदा करून घेतला : आई-वडील दोघेही अथेनियन असतील तरच मूल नागरिक. पुढे साथीत त्याचे दोन्ही औरस मुलगे गेले आणि मिलेटसच्या अस्पेशियापासून झालेल्या मुलाला नागरिक करून घेण्यासाठी त्यालाच नगराकडे विनवणी करावी लागली. शहरात स्थायिक झालेले परके व्यापारी-कारागीर ‘मेटिक’ म्हणून कर भरत, सैन्यात लढत, पण नागरिकसभेत त्यांना मत नसे. गुलामगिरीतून सुटलेला माणूसही मेटिकच होई. चिठ्ठ्या टाकून साध्या शेतकऱ्याला न्यायदानाला बसवण्याचे धाडस अथेन्सने केले, तसे रोमला कधी जमले नाही. पण त्या लोकशाहीचा उंबरठा असा उंच होता.

रोममध्ये नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम स्वतः नागरिक होई. त्याला अधिकारपद मिळत नसे, मात्र त्यानंतर जन्मलेल्या मुलांना ती आडकाठी नव्हती. कवी होरेसचे वडील असेच गुलामगिरीतून सुटलेले होते. या पद्धतीची ताकद रोमच्या शत्रूनेही ओळखली होती. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने इ.स.पू. २१४ च्या सुमारास थेसलीतील लारिसा नगराला पाठवलेले पत्र शिलालेखरूपाने सापडले आहे. युद्धांनी लोकवस्ती रोडावली आहे, तर गावात राहणाऱ्या इतर ग्रीकांना नागरिक करून घ्या. रोमन लोक गुलामांनाही सामावून घेतात, म्हणूनच त्यांनी इतक्या वसाहती उभारल्या, असे तो बजावतो. लारिसाकरांनी त्याच्या आधीच्या पत्रानंतर नावे नोंदवली, मग खोडली, म्हणून राजाला हे पुन्हा लिहावे लागले!

रोम मनाने उदार होते, असे यावरून समजू नये. इटलीतील दोस्तांना नागरिकत्वासाठी इ.स.पू. ९१ मध्ये शस्त्र उचलावे लागले. परंतु दार हळूहळू उघडत गेले. इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) पुढाऱ्यांना सिनेटमध्ये घेण्याची बाजू मांडली. ते भाषण कोरलेला कांस्यपट लियाँ येथे आहे. इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व मुक्त रहिवाशांना नागरिकत्व दिले.

घरातही फरक होता. लॅटिन लेखक कॉर्नेलियस नेपोस सांगतो, की बायकोला मेजवानीला नेण्यात रोमन माणसाला संकोच वाटत नाही, तर ग्रीक स्त्री घराच्या आतल्या भागातच राहते. उलट रंगमंचावर उभे राहणे ग्रीकांना कमीपणाचे वाटत नसे. रोममध्ये नटाला प्रतिष्ठा नव्हती.

बांधकामात ग्रीकांची भिस्त खांब आणि तुळईवर : अथेन्सचे पार्थेनॉन हे देऊळ (इ.स.पू. ४४७–४३२) बाहेरून पाहण्याची वास्तू आहे. रोमनांनी कमान आणि ज्वालामुखीची राख मिसळलेले काँक्रीट हाताशी धरले. रोममधील पँथिऑन या देवळाचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट आतून पाहावा तेव्हा त्याची भव्यता कळते.

इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कॉरिंथ उद्ध्वस्त केले आणि तिथल्या कलाकृती लुटून नेल्या. पुढे श्रीमंत रोमनांनी ग्रीक शिल्पांच्या असंख्य प्रती घडवून घेतल्या; मूळ कांस्यमूर्ती वितळवल्या गेल्याने कित्येक ग्रीक शिल्पे आज या प्रतींवरूनच ओळखू येतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती याच मिश्र वारशातली : देव ग्रीक, घडण रोमन काळातली, आणि व्यापाराच्या वाटेने ती सातवाहनांच्या मुलखात आलेली.

साम्राज्याच्या पूर्व भागात संपर्कभाषा ग्रीकच राहिली. तरीही १४५३ मध्ये तिथली राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) पडेपर्यंत तिथले ग्रीकभाषक स्वतःला ‘रोमाइओई’, म्हणजे रोमन, म्हणवत.