पोर्तो रिकन स्वातंत्र्य पक्ष

कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको हे बेट अमेरिकेच्या अंमलातून मुक्त होऊन सार्वभौम प्रजासत्ताक व्हावे, यासाठी निवडणुका आणि शांततामय सत्याग्रह या मार्गांनी झटणारा पक्ष. स्पॅनिश नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘पिप’ आणि त्याच्या अनुयायांस ‘पिपिओलो’ म्हणतात. हिरव्या भूमीवर पांढरा क्रूस हे त्याचे निशाण होय.

१८९८ च्या युद्धानंतर हे बेट स्पेनकडून अमेरिकेकडे आले. १९१७ मध्ये रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. मात्र बेटावर राहणाऱ्यास आजही अध्यक्षीय निवडणुकीत मत देता येत नाही. लुइस मुन्योस मारिन यांच्या लोकशाही जनपक्षात आरंभी स्वातंत्र्यवाद्यांचा भरणा होता. पुढे मुन्योस यांनी आर्थिक विकासाला अग्रक्रम देऊन ती मागणी बाजूस सारली, तेव्हा बाहेर पडलेल्यांना घेऊन वकील हिल्बेर्तो कोन्सेप्सियोन दे ग्रासिया यांनी २० ऑक्टोबर १९४६ रोजी हा पक्ष स्थापन केला.

१९५२ च्या निवडणुकीत सुमारे १९ टक्के मते मिळवून तो दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी बेटाला स्वतःची राज्यघटना आणि मर्यादित स्वशासन मिळाले, आणि स्वातंत्र्याच्या मागणीची धार बोथट झाली. १९६० पर्यंत पक्षाची मते सुमारे ३ टक्क्यांवर घसरली. या घसरणीमागे दहशतीचाही वाटा होता. १९४८ चा ‘मुस्कटदाबी कायदा’ १९५७ मध्ये रद्द होईपर्यंत स्वातंत्र्याचा उघड पुरस्कार करणे धोक्याचे होते, तर पोलिसांनी स्वातंत्र्यवाद्यांवर ठेवलेल्या पाळतीच्या फायली (‘कार्पेता’) १९८७ मध्ये, पक्षाच्याच एका आमदाराने दाखल केलेल्या दाव्याच्या काळात, चव्हाट्यावर आल्या. १९५० चा सशस्त्र उठाव राष्ट्रवादी पक्ष या दुसऱ्या स्वातंत्र्यवादी पक्षाचा होता, ‘पिप’चा नव्हे, तरी संशयाची सावली दोघांवरही पडली.

१९७० पासून पक्षाची धुरा रूबेन बेरियोस यांच्याकडे आली आणि त्याने लोकशाही समाजवादाची भूमिका घेतली. मतांपेक्षा पक्षाचे वजन अधिक दिसले ते अमेरिकी नौदलाच्या तोफगोळ्यांच्या सरावाविरुद्धच्या सत्याग्रहांत. १९७१ मध्ये कुलेब्रा बेटावरील सत्याग्रहाबद्दल बेरियोस यांनी तुरुंगवास भोगला. १९९९ मध्ये व्हिएकेस बेटावर सरावातील बॉम्बने एका नागरी पहारेकऱ्याचा बळी गेल्यावर ते सरावक्षेत्राच्या किनाऱ्यावरच जाऊन राहिले आणि जवळजवळ वर्षभर हलले नाहीत. १ मे २००३ रोजी नौदलाने तेथील सरावक्षेत्र सोडले. अर्थात या लढ्यात इतर पक्ष, चर्च आणि मच्छीमारही होते.

या कामगिरीचे रूपांतर मतांत होत नसे, आणि या पक्षाच्या अभ्यासात खरी मेख येथेच आहे. बेट अमेरिकेचे घटकराज्य होईल या धास्तीने अनेक स्वातंत्र्यवादी आपले मत घटकराज्याला विरोध करणाऱ्या लोकशाही जनपक्षाला, म्हणजे लाल निशाणाला, देत. अशांना तेथे ‘मेलोनेस’, म्हणजे कलिंगडे, म्हणतात: वरून हिरवी, आतून लाल. त्यामुळे केवळ मतांच्या टक्केवारीवरून स्वातंत्र्यवादाचे बळ मोजणे फसवे ठरते. किमान मते न मिळाल्याने २००८ नंतर पक्षाची नोंदणीही रद्द झाली आणि पुन्हा नोंदणीसाठी मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या.

२०२० मध्ये गव्हर्नरपदाचे उमेदवार ह्वान दालमाऊ यांना सुमारे १३.६ टक्के मते पडली. २०२४ मध्ये नागरिक विजय चळवळ या दुसऱ्या पक्षाशी केलेल्या समझोत्याच्या बळावर त्यांनी ३० टक्क्यांहून अधिक मते घेऊन दुसरा क्रमांक गाठला. वीजपुरवठ्याचा बोजवारा, कर्जसंकट आणि लोकशाही जनपक्ष व घटकराज्यवादी नवा प्रगतिशील पक्ष या जुन्या दोन पक्षांवरील भ्रष्टाचाराचे आरोप यांमुळे स्वातंत्र्याचा आग्रह नसलेलेही त्यांच्याकडे वळले. बेटाच्या राजकीय दर्जाविषयीच्या त्याच दिवशीच्या सार्वमतात मात्र पूर्ण स्वातंत्र्याच्या पर्यायाला वैध मतांपैकी सुमारे १२ टक्केच मते मिळाली.