गहू सोडला, पोट बरं झालं, पण म्हणून ग्लुटेनच का?

हल्ली कोणाचं पोट बिघडलं की एक तरी जण सांगतोच, अरे गहू बंद कर, बघ कसं हलकं वाटतं. आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांना खरंच हलकं वाटतं, पोट फुगायचं थांबतं, दिवसातून चारदा पळावं लागत नाही, मग माणूस स्वतःच ठरवून टाकतो की आपल्याला ग्लुटेन चालत नाही. बरं वाटलं हे खरंच, त्यावर वाद नाही. पण ते ग्लुटेनमुळेच होतं असं त्यावरून ठरत नाही, आणि तपासणीच्या आधीच गहू सोडला तर नंतर ठरवणंही अवघड होऊन बसतं.

आधी खरा आजार बघू, सिलिअ‍ॅक. ग्लुटेन हे गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक परदेशी धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांतलं प्रोटीन. त्याचे काही तुकडे आपल्या पाचकरसांना पूर्ण तोडता येत नाहीत, कोणालाच नाही. बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे जीन असलेल्यांपैकी थोड्या जणांची प्रतिकारशक्ती त्या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या भांडणात स्वतःच्याच लहान आतड्याचं नुकसान करते. आतड्याच्या आतल्या बाजूला जेमतेम एक मिलिमीटरपर्यंत उंचीचे बारीक उंचवटे असतात, अन्न शोषायचं काम त्यांचं. ते झिजून गुरं चरून गेलेल्या माळासारखं सगळं सपाट होतं.

मग न शोषलेलं फॅट तसंच खाली जातं. म्हणून शी फिकट, भरपूर, तेलकट, भयंकर वासाची होते, कमोडमध्ये तरंगते, फ्लश केलं तरी चिकटून राहते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, त्याचा गॅस, पोटात गुडगुड, जुलाब. दुधातली साखर पचवणारं एन्झाइमही त्याच उंचवट्यांवर असतं, त्यामुळे अनेकांना दूधही सोसत नाही आणि दोष सगळा दुधावर जातो. पण प्रत्येकाला जुलाब होतातच असंही नाही हं, काहींना उलट बद्धकोष्ठ असतं, तर काहींचं पोट ठीक आणि फक्त हिमोग्लोबिन वाढत नाही, गोळ्या खाऊन खाऊन कंटाळा येतो. कारण लोह शोषायची मुख्य जागा लहान आतड्याच्या सुरुवातीलाच, आणि मार तिथेच जास्त बसतो.

हा आजार डॉक्टरांनी ओळखला तोच मुळात शीवरून. 1888 साली लंडनच्या सॅम्युअल गी यांनी लिहून ठेवलं की या मुलांची शी पातळ पण पाण्यासारखी नाही, फिकट, आणि खाल्लेल्या अन्नाच्या मानाने फारच जास्त. उपाय आहारातच असणार हेही त्यांनी ओळखलं होतं. एका मुलाला रोज लिटरभर डच शिंपल्या खायला घातल्या तर पोरगं मस्त सुधारलं, सीझन संपल्यावर परत आजारी, आणि पुढच्या वर्षी त्याने शिंपल्या खायला साफ नकार दिला (बिचाऱ्याचं काय चुकलं?). नेमका गुन्हेगार सापडायला मात्र नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यावे लागले. त्यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता, 1944-45 च्या दुष्काळी हिवाळ्यात ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा तो आणखी पक्का झाला आणि नंतर त्यांनी व सहकाऱ्यांनी मुलांच्या शीतलं फॅट मोजून दाखवलं की गहू दिला की ते वाढतं, बंद केला की कमी होतं. घाण काम, पण पुरावा असा लागतो.

भारतात 2016 मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत उत्तरेत साधारण शंभरात एकाहून थोडे जास्त, तर दक्षिणेत हजारात एक असे लोक दिसले ज्यांच्या रक्तात सिलिअ‍ॅकच्या अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रोटीन) होत्या. जीन दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात, एक तृतीयांशाच्या वर. पण उत्तरेत माणशी रोजचा गहू साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आणि दक्षिणेत पंचवीस!

आता सिलिअ‍ॅक नाही पण गव्हाने त्रास होतो अशांचं काय? नॉर्वेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये अशा 59 जणांना न सांगता आळीपाळीने तीन प्रकारचे बार खायला दिले, एकात ग्लुटेन, एकात फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही. सर्वात जास्त त्रास 13 जणांना ग्लुटेनच्या वेळी झाला, 24 जणांना फ्रुक्टानच्या वेळी, आणि 22 जणांना चक्क काहीच नसलेल्या बारने! सरासरी काढली तर फ्रुक्टानने जास्त त्रास दिला, ग्लुटेनचा फारसा फरक दिसला नाही. फ्रुक्टान म्हणजे गव्हातलंच एक कार्बोहायड्रेट, आणि ते कांद्या-लसणातही असतं. म्हणजे चपाती सोडून भाकरी धरली आणि वर कांदा-लसूण मसाल्याचा झणझणीत रस्सा चालूच, तर पोट फुगणारच की.

म्हणून टीटीजी-आयजीए ही सिलिअ‍ॅकच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी (सोबत टोटल आयजीए) गहू खात असतानाच करायची. गहू सोडल्यावर अँटिबॉडी हळूहळू उतरतात, आतडंही भरून यायला लागतं, आणि रिपोर्ट नॉर्मल येऊन फसवतो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर मोठ्या माणसांत बहुतेक वेळा एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासतात. शीतून रक्त येत असेल तर मात्र गव्हाच्या नादी न लागता आधी डॉक्टर गाठा, त्याची कारणं वेगळी असू शकतात.

आणि सिलिअ‍ॅक निघालाच तर पथ्य आयुष्यभराचं, सणावाराला एक पुरणपोळी वगैरे चालत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आपल्याकडे आहेतच, त्या बाबतीत आपण नशीबवान, पण खपली गहूसुद्धा गहूच, थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी गहू असतो, डबीतल्या हिंगात अनेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि गिरणीत आधी कोणाचे तरी गहू दळून झाल्यावर त्याच जात्यातून ज्वारी काढली तर ती भाकरीही कामाची नाही.