पावसाळ्यात कंपाउंडची भिंत खरवडू नका

जुलै सुरू झाला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतोच, मागच्या भिंतीला शेवाळ आलंय, कसंतरी दिसतंय, माणूस बोलावून तारेच्या ब्रशने घासून घ्या. आणि मी दरवेळी विनंती करतो की दसऱ्यापर्यंत तरी थांबा, कारण त्या भिंतीवर जे काही चाललेलं असतं ते बघायला लोक कुठे कुठे जंगलात जातात आणि इथे ते जिन्यावरून उतरल्यावर दहा पावलांवर आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तो हिरवा थर म्हणजे एकच काहीतरी नसतं. निसरडं, बुळबुळीत असतं ते शैवाल, आणि हात फिरवला की मऊ, दाट, गादीसारखं लागतं ते मॉस. मॉस ही पूर्ण वनस्पती आहे, खोड पानं सगळं आहे, फक्त मुळं नाहीत आणि पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत. भिंतीला धरून ठेवायला बारीक तंतू असतात तेवढेच. पानं बहुतेक मॉसमध्ये एका पेशीच्या जाडीची असतात, मधली शीर सोडली तर, त्यामुळे पाणी प्यायचं तर अख्ख्या अंगाने प्यायचं आणि ऊन पडलं की अख्ख्या अंगाने सुकायचं, दुसरा मार्गच नाही. पिंपळाचं रोप मात्र भिंतीत दिसलं की लगेच काढा, त्याची मुळं खरोखर भिंत फोडतात. मॉसची ती ताकद नाही, ते ओल आहे म्हणून येतं, त्यामुळे ओल कुठून येतेय ते शोधायचं सोडून मॉसवर राग काढण्यात काही अर्थ नाही.

नोव्हेंबरनंतर हेच मॉस तपकिरी होऊन चुरगळतं आणि सगळ्यांना वाटतं मेलं. मेलेलं नसतं. सुकताना ते पेशींमध्ये साखर आणि काही खास प्रोटीन्स साठवून ठेवतं, त्यामुळे पाणी गेलं तरी आतली रचना मोडत नाही. एप्रिलमध्ये कधीतरी असा वाळका तुकडा बशीत घ्या, वर चमचाभर पाणी टाका आणि भिंगातून बघत बसा. मुडपलेली पानं डोळ्यांदेखत उघडायला लागतात, बरीचशी मॉसेस काही मिनिटांतच हिरवी दिसायला लागतात. मी हे शाळेतल्या मुलांना दाखवतो तेव्हा एकही मूल जागचं उठत नाही.

पावसाळ्यात या गादीतून केसाएवढे बारीक दांडे वर येतात आणि टोकाला छोटीशी बोंडं असतात, ती बीजाणूंची. पण ती येण्याआधी एक अवघड काम झालेलं असतं. नर मॉसच्या शुक्रपेशीला दोन शेपट्या असतात आणि तिला पोहत मादीपर्यंत जावं लागतं, म्हणजे मध्ये पाण्याचा सलग थर हवा. पाण्याच्या थेंबांनी थोडं अंतर जमतं पण फार नाही. मग दोन ठिगळांमध्ये कोरडी जागा असेल तर? २००६ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी नर आणि मादी मॉसची ठिगळं थोडं अंतर सोडून ठेवली, काहींमध्ये स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे बारीक जीव आणि कोळ्यांच्या गटातले माइट्स सोडले, काहींमध्ये नाही सोडले. जिथे अंतर होतं आणि प्राणी नव्हते तिथे बोंडं धरलीच नाहीत, जिथे प्राणी होते तिथे धरली. म्हणजे फुलं जगात येण्याच्या खूप आधीपासून कुणीतरी हे पोस्टमनचं काम करत असण्याची शक्यता आहे. त्यांनी वापरलेलं चंदेरी मॉस, ब्रायम अर्जेन्टियम, हे जगभर शहरांच्या फुटपाथवर आणि भिंतींवर वाढतं.

याच गादीत पाणअस्वलं राहतात, म्हणजे टार्डिग्रेड. आठ पाय, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, मॉस पाण्यात भिजवून पिळून ते पाणी साध्या शाळेच्या मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि जरा धीर धरला तर सापडू शकतात. मॉस सुकलं की हीसुद्धा अंग आवळून सुकतात आणि पाऊस आला की परत चालायला लागतात. २००७ मध्ये युरोपियन स्पेस एजन्सीने फोटॉन एम-३ या यानातून अशी सुकलेली पाणअस्वलं उघड्या अवकाशात नेली होती, निर्वात जागेत राहूनही त्यातली बरीचशी परत आल्यावर जिवंत झाली.

आता भिंतीवरचे राखाडी, फिकट हिरवे, कागद चिकटवल्यासारखे डाग बघा. ते लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी. गोडा मसाल्यात आपण दगडफूल घालतो ते याच जातकुळीतलं. आणि हे दगडफूल खाणारे आपण एकटे नाही. पतंगांचा एक मोठा गट आहे ज्यांच्या अळ्या लायकेनवर वाढतात, त्यातला मला सगळ्यात आवडणारा सायाना. अळी लहानशी, अंगभर लांब केस. कोश करायची वेळ आली की ती स्वतःचे केस काढते, रेशमाने एकमेकांना जोडते आणि स्वतःभोवती जाळीचा पिंजरा विणते, उघडी मोठी मोठी भोकं असलेला, आणि आत मधोमध स्वतः अधांतरी लटकते. भिंतीवर, झाडाच्या खोडावर, पानाखाली असे पिंजरे सापडतात. मुंगी वरून फिरली तरी कोशापर्यंत पोचू नये हा उपयोग असावा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की हे कुणीतरी हाताने, सुईने केलंय. बाहेर येणारा पतंग बऱ्याच जातींत पांढरा, त्यावर लाल नाहीतर केशरी पट्टे. तारेचा ब्रश फिरला की त्याचं खाणंही जातं आणि पिंजराही.

पतंगाची अळी बघायला बाहेरही जायला नको खरं तर. घराच्या भिंतीवर, बाथरूमच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या रंगाची भोपळ्याच्या बीसारखी चपटी वस्तू चिकटलेली बघितलीच असेल, मुंबई-कोकणात तर घरोघरी. ती अळीची पिशवी, रेशीम आणि धूळ-वाळूची, दोन्ही टोकांना उघडी. अळी आतल्या आत वळते आणि हव्या त्या टोकाने डोकं काढते. खाणं म्हणजे जुनी कोळिष्टकं, गळलेले केस, मेलेले किडे, लोकर.

भिंतीच्या पायथ्याशी गणपतीच्या सुमारास तेरडा फुललेला असतो. गौरी आणताना आपण तो उपटून आणतो, पण त्याआधी पानांच्या खालची बाजू जरूर बघा. काळसर, अंगाच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांसारख्या गोल खुणांची रांग असलेली आणि शेपटीला बारीक शिंग असलेली अळी दिसली तर ती थेरेट्रा ओल्डनलँडिई या हॉकमॉथची. चालताना ती ते शिंग पुढेमागे हलवत जाते, ते बघताना भान राहत नाही. हीच अळी अळूवरही येते. मोठी झाली की खाली उतरून पालापाचोळ्यात कोश करते, म्हणजे तिथला पाचोळा रोज झाडून जाळला तर पुढचं सगळं संपलं. पतंग तपकिरी, पाठीवरून दोन चंदेरी रेघा, संध्याकाळी फुलापुढे हवेत एका जागी थांबून लांब सोंडेने मध पितो.

आणि मग तो आपल्या दिव्यावर येतो. का येतो याचं चांगलं उत्तर २०२४ मध्ये मिळालं. संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचं उडणं टिपलं तेव्हा दिसलं की दिव्याजवळ आलेले किडे सरळ त्याच्याकडे झेपावत नाहीत, ते आपली पाठ उजेडाकडे वळवतात. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे उजेडाकडे पाठ ठेवली की वर-खाली बरोबर कळतं, लाखो वर्षं हे चाललं. दिवा बाजूला आला की पाठ सतत त्याच्याकडे वळत राहते आणि किडा गोल गोल अडकतो. खालून वर उजेड सोडला तर काही किडे उलटे होऊन चक्क खाली कोसळले. तोच उजेड डोक्यावर ताणलेल्या पांढऱ्या कापडावर पसरवला तर मात्र ते सरळ उडत निघून गेले.

म्हणून बागेत शोभेसाठी जमिनीत पुरलेले, वर तोंड असलेले दिवे मला सगळ्यात जास्त खटकतात. दिव्याला वरून झाकण असावं, उजेड फक्त पायवाटेवर पडावा, आणि अकरानंतर कुणी फिरत नसेल तर तो बंद असावा, याला खर्च काहीच नाही. सकाळी सहाच्या आसपास, झाडू लागायच्या आत, जिन्यातल्या ट्यूबलाइटखालची भिंत एकदा बघून घ्या. रात्री अडकलेले पतंग तिथे पंख पसरून बसलेले असतात, साळुंक्या आणि दयाळ यायच्या आत त्यांना अलगद कागदावर घेऊन झुडपाच्या सावलीत सोडता येतं. सायाना ओळखायला तेव्हा बरं पडतं, पांढऱ्यावर लाल पट्टे लांबूनही दिसतात.