चेनसॉच्या चेनचे तेल: खनिज तेलापासून वनस्पती तेलापर्यंत

चेनसॉच्या चेनला कोणते तेल घालावे, हा प्रश्न सुरुवातीची काही दशके केवळ दाटपणाचा होता. थंडीत पातळ आणि उन्हाळ्यात दाट, एवढे पाहून इंजिनाचेच तेल टाकीत भरले जाई, आणि जुन्या यंत्रांत ते दट्ट्या दाबून हातानेच बारवर, म्हणजे चेन जिच्या कडेच्या खाचेतून फिरते त्या लांब पट्टीवर, सोडावे लागे. पुढे स्वयंचलित पंप आले, चेनचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या घरात गेला आणि बारच्या टोकाशी वळताना पातळ तेल उडून जाऊ लागले, तेव्हा खनिज तेलात पॉलिमर मिसळून त्याला तार आणण्याची पद्धत रूढ झाली.

हे तेल इंजिनातल्या तेलाप्रमाणे फिरून परत येत नाही. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळजवळ रिकामी होते आणि त्यातले सगळे तेल भुशावर, पाल्यावर आणि जमिनीत जाते. मध्य युरोपातील जंगलांतूनच गावोगावच्या पाण्याचे झरे वाहतात, त्यामुळे 1980 च्या दशकात हा विषय तेथे ऐरणीवर आला. पश्चिम जर्मनीत लवकर विघटन होणाऱ्या चेन ऑइलला पर्यावरण-चिन्ह देण्यास सुरुवात झाली, पण ते ऐच्छिक होते. ऑस्ट्रियाने 1990 मध्ये थेट नियम केला आणि 1992 पासून चेनसॉसाठी खनिज तेल वापरण्यास बंदी घातली.

या बंदीवरचा वाद अजूनही पुरता मिटलेला नाही. पहिला आक्षेप मोजमापाचा होता. विघटन ठरवण्यासाठी त्या काळी रूढ असलेली 21 दिवसांची चाचणी मुळात पाण्यातील बोटींच्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या तेलासाठी तयार झाली होती. मूळ तेल किती नाहीसे झाले, एवढेच ती सांगते. त्याचे शेवटपर्यंत कार्बन डायऑक्साइड आणि पाणी झाले की मधलेच काही पदार्थ उरले, हे तिच्यातून कळत नाही. हा आक्षेप रास्तच होता, आणि नंतरच्या निकषांत 28 दिवसांच्या अधिक कडक चाचण्या आल्या त्या त्यामुळेच.

दुसरा आक्षेप लाकूडतोड्यांचा होता आणि तो थेट हातातल्या यंत्राबद्दल होता. खनिज तेलाच्या जागी मुख्यतः रेपसीडचे, म्हणजे मोहरीच्या जातीच्या तेलबियांचे तेल आले. त्यातील असंतृप्त मेदाम्ले हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि तेलाचा चिकट थर बनतो. जवसाचे तेल रंगकामात वापरतात ते याच गुणामुळे. हंगाम संपल्यावर चेनसॉ तसाच ठेवून दिला, तर काही महिन्यांनी चेनचे दुवे रिव्हेटपाशी आखडतात, बारच्या खाचेत पिवळट राळ साचते आणि पंप तुंबतो. ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावरून बंदीलाच चुकीचे ठरवणे पटण्यासारखे नाही. रोज चालणाऱ्या यंत्रात हा त्रास क्वचितच होतो, आणि ठेवणीपूर्वी चेन व बार स्वच्छ करून न सुकणारे तेल फिरवले तर तो बहुतांशी टळतो. शिवाय वनस्पती तेल धातूला चांगले धरून राहते आणि तापमान बदलले तरी त्याचा दाटपणा खनिज तेलाइतका बदलत नाही. ऑक्सिडेशनरोधक मिसळलेली तेले आणि एस्टर प्रकारची कृत्रिम तेले बाजारात आल्यावर या आक्षेपाची धार आणखी कमी झाली. युरोपीय संघाने 2005 मध्ये वंगणांसाठी जे पर्यावरण-चिन्ह सुरू केले, त्यात चेनसॉच्या तेलांचाही समावेश होता.

आपल्याकडे बागांमध्ये आणि वखारींत या कामासाठी पुष्कळदा गॅरेजमधले जळके ऑइल वापरले जाते, कारण ते जवळपास फुकट मिळते. त्यातील धातूचा चुरा पंप आणि बार झिजवतो, त्याची तार गेलेली असते आणि त्यातील घातक हायड्रोकार्बन कामगाराच्या कातडीला लागतात. वारंवार संपर्क आल्यास त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून चेनसॉसोबत मिळणाऱ्या पुस्तिकांत त्याला स्पष्ट मनाई असते. टाकीतले तेल वनस्पतीजन्य असो वा खनिज, ते चेनपर्यंत पोहोचते आहे की नाही, हे पाहण्यासाठी बारचे टोक फिकट लाकडापासून वीतभर दूर धरून यंत्र थोडा वेळ चालवावे. लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.