कोडच्या कुकबुकांची पार्श्वभूमी

एखादी अडचण, तिच्यावर चालणारा कोड आणि त्या कोडमागचे विवेचन अशा रचनेची पुस्तके प्रोग्रामर आज कुकबुक म्हणून ओळखतात. एकाने तपासलेला कोड दुसऱ्याने वापरण्याची रीत मात्र त्याहून बरीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ च्या मे महिन्यात एडसॅक संगणक सुरू झाला, तेव्हा वर्गमूळासारखी नेहमीची गणिते प्रत्येकाने नव्याने लिहून त्याच चुका पुन्हा करण्यापेक्षा, तपासलेल्या सबरूटीन (एकेक ठरावीक काम करणारे प्रोग्रामचे तुकडे) छिद्रित कागदी फितींवर जपून ठेवाव्यात आणि लागेल ती आपल्या प्रोग्रामच्या फितीवर उतरवून घ्यावी, असा शिरस्ता तेथे पडला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये हा संग्रह पुस्तकरूपाने मांडला. त्यात सबरूटीन काय करते याबरोबरच ती किती जागा व्यापते आणि किती वेळ घेते, हेही नोंदवलेले होते.

पुढे १९६० पासून एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या मासिकात अल्गोरिदम, म्हणजे एखादी अडचण सोडवण्याच्या पायऱ्या, नियमितपणे छापले जाऊ लागले. टोनी होर यांचा क्विकसॉर्ट हा यादी क्रमाने लावण्याचा अल्गोरिदम १९६१ मध्ये तेथेच आला. छापलेला अल्गोरिदम वाचकांनी आपल्या यंत्रावर चालवून पाहावा आणि निष्कर्ष पुढच्या अंकांतून कळवावा, ही प्रथा मला त्या सदराचा सर्वांत मोलाचा भाग वाटते.

१९८६ मध्ये दोन महत्त्वाची पुस्तके निघाली. ‘न्यूमरिकल रेसिपीज’ने शास्त्रज्ञांना गणिती पद्धती आणि त्यांचा कोड एकत्र दिला, त्यातील काही पद्धतींवर आणि कोडच्या परवान्याच्या अटींवर पुढे टीकाही झाली. दुसरे पुस्तक जॉन बेंटली यांचे ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’. त्यात बायनरी सर्चची (क्रमाने लावलेल्या यादीचा मधला घटक पाहून दर वेळी अर्धी यादी वगळत शोधण्याच्या पद्धतीची) अचूकता तर्काने सिद्ध करून दाखवली होती, तरीही त्याच धर्तीवर जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या तयार कोडच्या लायब्ररीत लिहिलेल्या कोडमध्ये एक दोष सुमारे नऊ वर्षे राहिला आणि तो लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये त्याचा जाहीर खुलासा केला. मधला क्रमांक काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनने भागले जाई; यादीत सुमारे १०७ कोटी किंवा अधिक घटक असले की ती बेरीज संगणकात पूर्णांकासाठी ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होऊ शकत असे. एवढ्या मोठ्या याद्या प्रत्यक्षात येईपर्यंत ही ओळ कोणाला खटकली नाही.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘पर्ल कुकबुक’ने १९९८ मध्ये अडचण, उत्तर आणि चर्चा हा साचा रूढ केला. पायथन या दुसऱ्या भाषेच्या २००२ च्या ‘पायथन कुकबुक’मध्ये अनेक प्रोग्रामरांनी पाठवलेल्या रेसिपी संपादित करून घेतल्या होत्या. अशा पुस्तकातून कौशल्य वाढते ते चर्चेच्या भागामुळे, असे माझे ठाम मत आहे, आणि सॉर्टिंगची, म्हणजे यादी क्रमाने लावण्याची, जुनी रेसिपी त्याचे चांगले उदाहरण आहे. पायथनमध्ये एखाद्या निकषावर यादी लावायची असेल, तर प्रत्येक घटकाला निकषाची किंमत जोडायची, त्या जोड्या क्रमाने लावायच्या आणि नंतर जोडलेली किंमत काढून टाकायची, अशी युक्ती वापरली जाई. २००४ च्या शेवटी आलेल्या पायथन २.४ मध्ये सॉर्टला ‘की’, म्हणजे निकषाची किंमत काढणारे फंक्शन (छोटा प्रोग्राम), देण्याची सोय झाली आणि ही रेसिपी हाताने लिहिण्याची गरज उरली नाही. परंतु ज्या प्रोग्रामरने ती चर्चेसह वाचली होती, तिला नव्या सोयीत निकषाचे फंक्शन प्रत्येक घटकासाठी एकदाच का चालते आणि दर तुलनेला फंक्शन चालवणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा ते जलद का ठरते, हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.